आधी पीओ, मग लेथ

पोरी, लिहून पैसे मिळवायचे म्हणतेस ना, मग आधी आपल्या नागापूर एमआयडीसीतले जॉबवर्कवाले बघ. ड्रॉइंग आणि पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, हातात पडल्याशिवाय लेथ चालू करतात का ते? मग तू तरी 'लिहून ठेवा, बघू' एवढ्यावर कशाला बसतेस? शब्द किती, दर काय, दुरुस्त्या कितीदा, पैसे कधी, सगळं मेलवर उतरवून घे. फोनवर ठरलं असलं तरी मेल टाकच.

भाषांतराचा दर इंग्रजी शब्दांवर ठरव. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळं हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत बरेच कमी भरतात. गिऱ्हाईक नेमके तेच मोजतं! मजकूर युनिकोडमध्ये दे. कुणी जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये मागितला तर त्याचे पैसे वेगळे.

टायपिंगचं काम देतो म्हणून नोंदणी फी मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. असले लोक पुढं 'काम चुकलं' म्हणत खोटी वकिली नोटीस धाडतात. तशी आली तर रुपया भरू नकोस, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. फाइव्हरसारख्या साइट खऱ्या आहेत, पण फाइव्हर 100 रुपयांतले 20 स्वतः ठेवते. दर सांगताना तेवढे धर.

खरं तर सगळे तिकडंच का पळतात, मला उमगत नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने काय थोडे आहेत? त्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून अहवाल ऐनवेळी उरकतात. वाचवत नाहीत ते! तू जूनमध्येच गेल्या वर्षीच्या अहवालातलं एक पान नीट लिहून काढ आणि सचिवांना मेल कर. सोबत दर लिही. 'योग्य ते द्या' असं चुकूनही लिहू नकोस, योग्य म्हणजे काय ते मग तेच ठरवतात.

उद्यम नोंदणी करून घे, सरकारी साइटवर फुकट होते. तो नंबर बिलावर टाक. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं इथल्या गिऱ्हाइकाला 45 दिवसांपलीकडची मुदत ठरवताच येत नाही, उशीर केला तर व्याज द्यावं लागतं. टीडीएस कापला म्हणून भांडत बसू नकोस. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पॅन मात्र वेळेवर दे, नाहीतर दहा टक्क्यांच्या जागी वीस कापतील.