दगडी हत्ती

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले गाव. तेथील शाळेची सहल एकदा मुंबईस गेली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाऊल टाकताच मुलांना वाघ-अस्वले पाहण्याची घाई झाली. परंतु गुरुजींनी त्यांना प्रथम बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे नेले.

संग्रहालयाबाहेर एक भव्य दगडी हत्ती उभा होता. त्याच्या अंगावर सांधे दिसत होते. "गुरुजी, हा असा जोडलेला का?" एका मुलाने विचारले.

गुरुजी म्हणाले, "हा मूळचा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली याला इंग्लंडला नेण्याचा बेत झाला. पण उचलताना हा कोसळला आणि याचे तुकडे झाले. ते तुकडे कोणी फेकून दिले नाहीत. ते या बागेत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा करण्यात आला."

मग सारे आत गेले. हे संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याच्या स्थापनेसाठी झटलेले वैद्य व विद्वान भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ साली देण्यात आले. पुढे ही वास्तू जीर्ण झाली, तेव्हा कुशल कारागिरांनी तिचे जुने रूप तिला परत मिळवून दिले. २००८ साली तिची दारे पुन्हा उघडली.

नक्षीदार लोखंडी खांबांमधून मुले हिंडू लागली. कपाटांत मातीच्या सुबक लहान मूर्ती होत्या. नाना धंदे करणारी माणसे, त्यांचे पोशाख आणि त्यांची अवजारे त्यांत हुबेहूब दाखविली होती. ते पाहून हत्तीविषयी विचारणारा तो मुलगा गंभीर झाला. त्याच्या आजोबांचा मोडका नांगर पडवीत पडून होता. पावसाळ्यापूर्वी तो फोडून चुलीत घालावयाचा असे घरी ठरले होते.

गावी परतताच तो धावत पडवीत गेला. नांगर अजून तेथेच होता! आजोबांनी त्याचे तुकडे दोरीने घट्ट बांधून दिले. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या एका कोपऱ्यात उभा राहिला. त्यावर मुलाने चिठ्ठी लावली होती: नांगर कोणी घडविला, लाकूड कोणते, तो कोणत्या शेतात चालला.

ती वाचून गुरुजी हसले आणि म्हणाले, "आपल्या संग्रहालयाची ही पहिली वस्तू!"