‘मला काही नको’ : आईवडिलांचं ऐकण्याचा अभ्यास



चातुर्मासाच्या अभ्यासासाठी आपण यंदा ‘वाणीतली अहिंसा’ हा विषय घेतला आहे. पहिल्या दोन पाठांत आपण स्वतःच्या बोलण्याकडे पाहिलं. आज बोलणं बाजूला ठेवून ऐकण्याकडे वळू. तेही कुणा परक्याचं नाही, घरातल्या आई, वडील, सासू, सासऱ्यांचं. केंद्रात हा विषय सांगितला तेव्हा तीन-चार जणी एकदमच म्हणाल्या, “अहो, दिवसभर तेच तर करतो!” हशा पिकला खरा, पण त्यात थकवाही होता. तो थकवा खोटा नाही, म्हणून त्याच्याकडेही येऊच.

ज्या पद्धतीच्या आधाराने आपण शिकतो आहोत, ती ‘नॉनव्हायोलेंट कम्युनिकेशन’, आपल्या भाषेत अहिंसक संवाद, मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडली. जन्म १९३४चा. लहानपणी, १९४३ साली, डेट्रॉइट शहरातली वांशिक दंगल त्यांनी पाहिली. शाळेत ज्यू म्हणून मारही खाल्ला. काही माणसं दुसऱ्याला दुखवण्यात सुख मानतात आणि काही माणसं वाईटात वाईट परिस्थितीतही मायाळू राहतात, असं का, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून सुटला नाही. पुढे कार्ल रॉजर्स यांच्याकडे ते ऐकण्याचं शास्त्र शिकले. १९८४ साली त्यांनी या कामासाठी संस्था काढली आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत देशोदेशी शिकवत राहिले. ‘अहिंसा’ हा शब्द त्यांनी गांधीजींच्या अर्थाने घेतला. त्यांच्या पुस्तकाला गांधीजींचे नातू अरुण गांधी यांची प्रस्तावना आहे. म्हणजे आपलंच बी तिकडे जाऊन रुजलं आणि रोप होऊन परत आलं, असं म्हणायला हरकत नाही.

पद्धतीत चार गोष्टी आहेत : निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती. काय घडलं ते शेरा न मारता पाहायचं, त्याने मनात काय होतं ते ओळखायचं, त्यामागे कोणती गरज आहे ते शोधायचं आणि मग हुकूम न सोडता विनंती करायची. ऐकतानाही हेच चार. समोरच्याने ते सरळ सांगितले नाहीत तरी आपण त्याच्या बोलण्यातून वेचून घ्यायचे.

इथपर्यंत सगळं सोपं. पण मराठी घरात हे करायला गेलं की दोन शब्द आडवे येतात.

पहिला शब्द ‘गरज’. आपल्याकडे गरज म्हणजे एकतर पैशाची अडचण, नाहीतर ‘गरजेपुरता मामा’. सासूबाईंना जर विचारलं, “आई, तुमची गरज काय आहे?” तर त्या दुखावतील. “मी काय तुमच्याकडे मागायला आले का?” ही पिढी, आणि त्यातही बाया, गरज नसण्यालाच मोठेपण मानून वाढल्या. म्हणून त्यांचं ठरलेलं वाक्य, “मला काही नको.” या पद्धतीत गरज म्हणजे वस्तू किंवा पैसा नव्हे. मान, विसावा, सोबत, आपलं कुणीतरी आहे ही खात्री, स्वतःचं स्वतः ठरवण्याची मोकळीक, आपण अजून कुणाच्या उपयोगी आहोत ही जाणीव, या त्या गरजा. पाच वर्षांच्या मुलाला असतात तशाच पंचाऐंशीच्या आजींनाही असतात.

दुसरा शब्द ‘वाटणं’. “मला वाईट वाटतं” यातही वाटतं, आणि “मला वाटतं तू बदललास” यातही वाटतं. पहिली भावना, दुसरं मत. रोझेनबर्ग या फरकावर फार भर देतात, कारण मताला उत्तर दिलं की वाद होतो आणि भावना ऐकली की माणूस बोलू लागतो. एरवी आपल्या भाषेत भावनेचे शब्द भरपूर आहेत : करमत नाही, चुकल्यासारखं होतं, जीव लागत नाही, कानकोंडं होतं, पोटात कालवतं, हायसं वाटतं. हे शब्द वापरायचे. वर्गात शिकल्यासारखं “आई, तुम्ही निराशा अनुभवत आहात का?” असं विचारलं तर आई म्हणतील, “हे कुठून शिकून आलीस?” आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता एक वाक्य घेऊ, प्रत्येक घरातलं. “तुम्हाला माझ्यासाठी वेळच नसतो.” हे वाक्य ऐकण्याच्या चार तऱ्हा आहेत. एक, स्वतःला दोष देणं : माझंच चुकतं, मी वाईट मुलगी. दोन, समोरच्याला दोष देणं : कितीही करा, यांचं समाधानच नाही. तीन, स्वतःच्या आत बघणं : हे ऐकून मला दुखलं, कारण मी धावपळ करते ती कुणाच्या तरी नजरेस यावी असं मला वाटतं. चार, त्यांच्या आत बघणं : यांना एकटं वाटत असेल का? कुणी पाच मिनिटं टेकून बसावं असं वाटत असेल का? पहिल्या दोन तऱ्हा आपल्याला आपोआप येतात, तिसरी आणि चौथी शिकावी लागते. आणि चौथी मनात अंदाज बांधून थांबत नाही, तो अंदाज विचारून बघावा लागतो. तो चुकला तरी चालतो. हे समजायला एक घडलेली गोष्ट सांगतो, त्या घराच्या परवानगीने.

इंदूरचे एक काका, वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्य रामबागेत गेलं, आता मुलाकडे विजयनगरच्या फ्लॅटमध्ये असतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यामुळे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँक जुन्या भागात, अर्धं शहर ओलांडून. मुलगा म्हणाला, “बाबा, आता मोबाईलवर होतं. चेहरा दाखवायचा, झालं.” काका एकदम तापले. “मी जिवंत आहे की नाही हे तुझा मोबाईल ठरवणार?” मुलाने ट्रॅफिकचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. सगळं खरंच होतं. दोन दिवस अबोला.

मुलगा आपल्या अभ्यासवर्गात येणारा. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने विचारलं, “बाबा, तिथे जाऊन चार ओळखीची माणसं भेटावीत असं वाटतंय का तुम्हाला?”

“ओळखीचं कोण राहिलंय तिथे? सगळी नवी पोरं आहेत.”

अंदाज साफ चुकला. एरवी इथे आपण म्हणतो, मग जायचंच कशाला? तो काही बोलला नाही. कप हातात धरून बसून राहिला. थोड्या वेळाने काकाच म्हणाले, “त्या काउंटरवर माझं नाव मी स्वतः सांगतो. बाकी सगळीकडे तूच बोलतोस. डॉक्टर मला विचारतात, झोप लागते का, आणि उत्तर तू देतोस.”

“म्हणजे मी मध्ये बोललो की तुम्ही तिथे असून नसल्यासारखं होतं?”

“हं.”

मग दोघंही गप्प. पण ही शांतता अबोल्याची नव्हती. रोझेनबर्ग म्हणतात, पुरेसं ऐकलं गेलं की दोन खुणा दिसतात : अंगावरचा ताण सैल होतो आणि बोलणं आपणहून थांबतं. तोवर आपली सूचना, आपला उपाय पुढे करायची घाई करायची नाही.

या गोष्टीत आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की, मुलाने पहिल्याच दिवशी “बरं बाबा, चला बँकेत” असं म्हटलं असतं तर भांडण टळलं असतं, पण ऐकणं झालं नसतं. दुखणं दवाखान्यातलं होतं, बँकेच्या निमित्ताने बाहेर आलं. हट्ट पुरवणं आणि गरज ऐकणं यांत एवढं अंतर असू शकतं. ‘बँकेत जायचं’ हा गरज भागवण्याचा एक मार्ग झाला, गरज होती ‘माझं मला बोलू द्या’ ही. मार्गावरून भांडण होतं. गरजेवरून क्वचितच होतं, कारण ती आपल्यालाही असते. ते दोघं बँकेत गेले, मुलगा बाहेरच्या बाकावर बसला, हे झालंच. शिवाय डॉक्टरांकडे आता काकांचं उत्तर पुरं होईपर्यंत तो तोंड उघडत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. ऐकणं म्हणजे मान्य करणं नाही. साखरेचा त्रास असलेल्या आईंना रोज श्रीखंड द्यायचं नाही, पण “सणाच्या पानावर मला वेगळं वाढतात” हे मात्र ऐकायचं.

न ऐकण्याच्या सवयी कोणत्या, तर सल्ला देणं, समजावणं, चूक दुरुस्त करणं (“मंगळवारी नाही बाबा, बुधवारी झालं ते”), आपलं दुःख वरचढ करणं (“माझी कंबर बघा मग”), उलटतपासणी घेणं, सांत्वन करून विषय मिटवणं. सांत्वन या यादीत कसं, असं बऱ्याच जणींनी विचारलं. सांत्वन वाईट नाही. पण आई म्हणाली, “डोळ्यांना आता काही दिसत नाही गं,” आणि आपण लगेच म्हटलं, “अगं, या वयात सगळ्यांचंच होतं,” की पोथी वाचता न येण्याचं तिचं दुःख तिच्या तोंडातच राहतं.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या घरांत एक गरज विशेष आहे, तिच्याकडे लक्ष वेधायचं आहे. नातवंडं आपसात हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये बोलतात, आणि हळूहळू मुलगा-सूनही जेवणाच्या टेबलावर त्याच भाषेत बोलू लागतात. आजी-आजोबांना ती भाषा येते, साठ वर्षं तिथेच तर गेली. तरी ते म्हणतात, “या घरात मला कुणी काही सांगत नाही.” आपण चिडतो, समोरच तर बोललो! पण विनोदाला दाद द्यायला, मध्ये टोमणा मारायला, जुनी आठवण काढायला आपलीच भाषा लागते. तेव्हा “आई, आम्ही हिंदीत बोलायला लागलो की तुम्हाला बाजूला पडल्यासारखं होतं का?” असं विचारून बघा. एका भगिनींनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “मेली म्हणही सुचत नाही मग.” आता त्या घरात रात्रीचं जेवण मराठीत असतं. नातू कुरकुरतो, पण म्हणी पाठ व्हायला लागल्या आहेत.

सर्वांत अवघड वाक्य शेवटी घेतो. “देवा, उचल रे बाबा आता.” यावर आपल्या तोंडी ठरलेलं असतं, “असं अभद्र बोलू नये,” किंवा “नाम घ्या.” नाम तर घ्यायचंच आहे. पण ज्या क्षणी माणूस हे बोलतं, त्या क्षणी नामाचा उपदेश हा तोंडावर दार लावल्यासारखा होतो. सद्गुरूंच्या पुढे आपण रडलो तेव्हा त्यांनी आधी रडू दिलं होतं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जवळ बसावं, हात धरावा, आणि हळूच विचारावं, “आई, रात्री फार दुखतं का?” किंवा “आमच्यावर ओझं होतंय असं मनात येतं का?” पुस्तकी नियमाने ‘ओझं’ हा विचार झाला, भावना नव्हे. असू दे. आईंना तोच शब्द कळतो. उत्तर गुडघ्यांबद्दल येईल, गेलेल्या मैत्रिणींबद्दल येईल, नाहीतर परवा फोनवर ऐकू आलेल्या औषधांच्या बिलाबद्दल.

मात्र जेवण तुटलं, झोप गेली, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर नुसतं ऐकून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फोनवर विनाशुल्क मिळतो, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही क्रमांक फोनमध्ये ठेवावेत. तसंच, सारखा गैरसमज होत असेल तर कानही तपासून घ्यावेत. कित्येकदा मनाला लावलेलं कारण कानात निघतं.

आणि तो थकवा. ज्याच्या स्वतःच्या भांड्यात पाणी नाही त्याने दुसऱ्याला कुठून द्यावं? ऐकवत नसेल तेव्हा रोझेनबर्ग आधी स्वतःचं ऐकायला सांगतात. “आई, आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, स्वयंपाक आटोपून तुमच्याजवळ येते,” असं म्हणणं ही हिंसा नाही. मात्र मग यावं. ज्यांच्या आईवडिलांनी लहानपणी फार दुखावलं आहे, त्यांनी हा पाठ ओढूनताणून स्वतःवर लादू नये, आधी आपलं दुःख कुणा जाणत्याजवळ मोकळं करावं. अजून एक स्पष्टच सांगतो : हा पाठ सुनांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. मुलांनी, जावयांनी, परदेशातून रविवारी व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनीही करायचा आहे. “जेवलीस का, औषध घेतलंस का” यापलीकडे कॉल गेला तर फारच छान.

या पंधरवड्याचा स्वाध्याय : घरातल्या ज्येष्ठांचं एक नेहमीचं वाक्य, ज्याने आपल्याला राग येतो, ते जसंच्या तसं वहीत लिहा. खाली त्यामागच्या गरजेचे तीन वेगवेगळे अंदाज लिहा. मग निवांत वेळ बघून त्यातला एकच, आपल्या घरच्या शब्दांत, विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. काय उत्तर आलं ते एकादशीच्या सत्संगानंतर, ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांनी, नाव न घेता सांगायचं आहे. ज्यांचे आईवडील हयात नाहीत त्यांनी शेजारचे किंवा केंद्रात येणारे कुणी काका-काकू निवडावेत. वही आणायला विसरू नये.