वाहननगरचं इंजिन आणि लमाँची शर्यत

प्रश्न : वाहननगरातल्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने रोटरी इंजिनावर काम केलं आणि ते मानवरहित विमानात बसलं, हे आम्ही नगरकर ऐकून आहोत. याच जातीच्या इंजिनाने १९९१ साली फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत जिंकली आणि ते फारच सरस ठरल्याने लगेच त्याच्यावर बंदी घातली, असं माझा मुलगा सांगतो. हे खरं का? नुसता इंजिनाचा नियम बदलला तर जिंकणारा कसा काय बदलतो? आणि २०२६ पासून फॉर्म्युला वनची इंजिनं का बदलली?
— एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : मुलगा सांगतो त्यातल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. १९९१ सालची लमाँची ती चोवीस तासांची शर्यत माझ्दा कंपनीच्या रोटरी इंजिनाने जिंकली आणि १९९२ साली ते इंजिन तिथे दिसलं नाही. चूक आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या ‘म्हणून’ या शब्दात. मात्र त्याला रागावू नका. मोटारींच्या शौकिनांमध्ये ही गोष्ट गेली तीसेक वर्षं अशीच सांगितली जाते.

आधी इंजिन समजून घेऊ. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करतो. रोटरीत पिस्टनच नसतो. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी एक पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत राहतो. वरखाली होणारं वजन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे इंजिन लहान, हलकं आणि कमी थरथरणारं होतं. तोटेही त्याच रचनेतून येतात. इंधन जळण्याची जागा लांबट आणि पसरट असल्याने सगळं इंधन नीट जळत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांची सीलं झिजतात. थोडक्यात, अंगाने हलकं पण पेट्रोलच्या बाबतीत खादाड.

आता गंमत बघा. १९९१ च्या लमाँत नेमकी इंधनाचीच मोजणी होती. चोवीस तासांसाठी प्रत्येक गाडीला २,५५० लिटर, त्यावर थेंबही नाही. माझ्दाची ७८७बी त्या शर्यतीत ३६२ फेऱ्या, म्हणजे ४,९०० किलोमीटरांहून जास्त धावली. हिशेब केला तर लिटरला दोन किलोमीटरांच्या आसपास ॲव्हरेज पडतं. खादाड इंजिनाला हे जमलं कसं? माझ्दाच्या लोकांनी चार रोटरांचं इंजिन बांधलं. प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग दिले, टोकांची सीलं सिरॅमिकची केली आणि हवा आत घेणारी नळी वेगानुसार लांब-आखूड होईल अशी योजली. पण तेवढ्याने भागलं नसतं. नियमातली एक तरतूदही त्यांच्या बाजूची होती. मर्सिडीज आणि जॅग्वार यांच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांना किमान १,००० किलो वजन सक्तीचं होतं, माझ्दाला ८३० किलो पुरत होतं. दोन धट्टीकट्टी माणसं कमी घेऊन पळण्यासारखं हे झालं. शेवटच्या काही तासांत आघाडीवरची मर्सिडीज तापून बंद पडली आणि माझ्दा पुढे गेली. त्या विजयात कष्ट, नियम आणि नशीब या तिघांचाही वाटा होता. यातला कष्टाचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण त्याआधी कितीतरी वर्षं माझ्दा तिथे रोटरी घेऊन उतरत होती आणि हरत होती.

मग बंदीचं काय? स्पोर्ट्सकारांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी साडेतीन लिटरचं, टर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं, पिस्टनचं इंजिन लागेल, हा नियम या विजयाच्या बराच आधी ठरलेला होता. फॉर्म्युला वनलाही त्याच मापाची इंजिनं होती. एकच इंजिन दोन्हीकडे चालावं आणि बड्या कंपन्या याव्यात, असा बेत होता. १९९१ ला नव्या गाड्या पुरेशा तयार नव्हत्या, म्हणून जुन्यांना आणखी एक संधी मिळाली. आपल्या रोटरीची ही शेवटची शर्यत आहे, हे माझ्दाला उतरतानाच ठाऊक होतं. १९९२ ला त्यांनी पिस्टनच्या इंजिनाची गाडी आणली आणि चौथा क्रमांक मिळवला. रोटरीला कायमचा दरवाजा बंद झाला, असंही नाही. १९९४ साली रोटरीवर चालणारी आरएक्स-७ लमाँत धावली. उलट त्या नव्या नियमानेच स्पर्धेचं नुकसान केलं. इंजिनं इतकी महाग झाली की संघ गळत गेले आणि १९९२ नंतर ती अजिंक्यपद मालिकाच बंद पडली.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. नियम बदलला की जिंकणारा का बदलतो? याचं उदाहरण आपल्या शेतातच आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. ते पाळायचे तर इंधनाची महागडी यंत्रणा बसवावी लागते आणि किंमत वाढते. त्यामुळे पन्नासच्या किंचित आत राहणाऱ्या ट्रॅक्टरांना महत्त्व आलं. ट्रॅक्टर कसा बनवा, हे सरकारने सांगितलं नव्हतं. फक्त एक रेघ ओढली होती आणि कारखान्यांनी आपली यंत्रं त्या रेघेच्या हिशेबाने जुळवून घेतली. शर्यतीत अगदी हेच होतं. नियम कुठल्या तरी एका गोष्टीची टंचाई करतो, कधी इंजिनाच्या मापाची, कधी इंधनाची, कधी हवेच्या दाबाची. त्या टंचाईत जो आधी आणि शहाणपणाने संसार मांडतो, तो जिंकतो.

१९६६ साली फॉर्म्युला वनचं इंजिन दीड लिटरवरून तीन लिटरचं झालं. मोठमोठे कारखाने गुंतागुंतीची इंजिनं जुळवत बसले. ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबमने मात्र रेप्को कंपनीकडून एका अमेरिकन मोटारीच्या ब्लॉकवर साधं इंजिन करून घेतलं. ताकद बेताची, पण ते वेळेवर तयार होतं आणि मोडत नव्हतं. त्या वर्षी तो अजिंक्य ठरला, तेही स्वतःच्या नावाच्या गाडीत.

नियम करणाऱ्यांचा अंदाज चुकतो, असंही घडतं. ऐंशीच्या दशकात दीड लिटरची टर्बो इंजिनं सरावफेरीत हजार हॉर्सपॉवरच्या पुढे जाऊ लागली. वेग धोक्याचा झाला, म्हणून १९८९ पासून टर्बो बंद करायचं ठरलं. १९८८ या शेवटच्या वर्षी त्यांचा हवेचा दाब अडीच बारवर आणला आणि शर्यतीचं इंधन १५० लिटरांवर. बिनटर्बोवाल्यांना इंधनाची मर्यादाच नव्हती, त्यामुळे आता त्यांचे दिवस येतील असं वाटत होतं. पण होंडाने कमी दाबात आणि कमी इंधनात चालणारं टर्बो इतकं घोटून तयार केलं की ते वापरणाऱ्या मॅक्लारेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या.

२०१४ चा बदल बहुतेकांना आठवत असेल तो आवाजामुळे. २.४ लिटरची आठ सिलिंडरांची किंचाळणारी इंजिनं गेली आणि १.६ लिटरची सहा सिलिंडरांची टर्बो, विजेची जोड असलेली इंजिनं आली. (२०११ ते २०१३ ग्रेटर नोएडाला शर्यत बघायला गेलेल्यांनी तो जुना आवाज कानांनी ऐकला आहे. त्यानंतर ही शर्यत भारतात आलीच नाही.) ‘इंजिन लहान झालं, म्हणजे गाडी मरतुकडी झाली’ हा समज मात्र खोटा. नव्या नियमाने तासाला १०० किलोपेक्षा जास्त इंधन इंजिनात जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. म्हणजे तेवढ्याच पेट्रोलातून जो जास्त काम काढेल तो पुढे. मर्सिडीजने टर्बोचे दोन भाग वेगळे करून एक इंजिनाच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला. त्या वर्षीच्या १९ शर्यतींपैकी १६ त्यांनी जिंकल्या आणि पुढे २०२१ पर्यंत सलग आठ वर्षं संघांचं अजिंक्यपद राखलं.

आता २०२६. इंजिन १.६ लिटरचंच आहे, पण विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅटवर नेली आहे. पेट्रोलच्या बाजूची ताकद कमी करून साधारण ४०० किलोवॅट ठेवली आहे, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास समसमान. टर्बोच्या गरम वायूतून वीज काढणारी यंत्रणा वगळली, कारण ती फार महाग आणि किचकट होती आणि नव्या कंपन्या तिलाच बिचकत होत्या. खनिज तेलापासूनच्या पेट्रोलऐवजी शाश्वत इंधन सक्तीचं केलं. या नियमांमुळे ऑडी आली आणि जाऊ घातलेली होंडा पुन्हा उतरली. १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो पहिल्यांदा आणणाऱ्या रेनॉने मात्र इंजिन बनवणं थांबवलं, याचं मला वाईट वाटतं. आता टंचाई आहे ती बॅटरीतल्या विजेची. ती कुठे साठवायची आणि कुठल्या सरळ पट्ट्यावर उधळायची, हे कळणारा चालक आणि संघ पुढे राहील. मुलाबरोबर शर्यत बघताना वळणाआधी गाडीचा वेग कुठे ओसरतो, ते जरूर बघा.

राहिलं वाहननगरचं इंजिन. बंगळुरूच्या एनएएल या प्रयोगशाळेबरोबर घडवलेलं ५५ हॉर्सपॉवरचं हे रोटरी इंजिन २००९ साली कर्नाटकात कोलारजवळ ‘निशांत’ या मानवरहित विमानाला घेऊन उडालं. व्हीआरडीईकडे त्याच्या इग्निशनचं आणि इंधन यंत्रणेचं काम होतं. त्याआधी ‘निशांत’साठी परदेशी इंजिन आणावं लागत असे. धुराचे आणि ॲव्हरेजचे निकष कडक होत गेल्यावर रस्त्यावरची रोटरी मागे पडली, पण छोट्या विमानाला वजनाचाच सर्वांत मोठा जाच असतो. तिथे थोडं जास्त पेट्रोल पिणारं हलकं इंजिन आजही परवडतं.