पायाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी : सभासदांसाठी माहिती



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत उसाचे प्लॉट पाहत फिरताना ज्या घरांत जाणे होते, त्यांतल्या बऱ्याच घरी ओसरीवर कोणी ना कोणी पाय लांब करून बसलेले दिसते. कोणाचा गुडघा बदललेला असतो. कोणाची आजी पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात घसरून खुब्याचे हाड मोडलेले असते. कोणाचा मुलगा मोटारसायकलवरून पडून नडगीत सळई घातलेली असते. आणि सगळीकडे सल्ला एकच चालू असतो : "हलू नको, पडून राहा, पायाला आराम दे." सल्ला मायेपोटीच दिला जातो, पण धोका नेमका त्यातच आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. औषध कोणते नि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचे. ते का देतात आणि ते मध्येच सोडले तर काय होते, एवढे इथे समजून घेऊ.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढते कसे, ते आधी पाहा. खाली ढकलायला हृदय आहे, वर आणायला तिथे दुसरा पंप नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांच्या आत जागोजागी झडपा आहेत, त्यामुळे वर गेलेले रक्त खाली परत येत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह जे काम करतो तेच हे. आता माणूस खाटेवर पडून राहिला म्हणजे पंप बंद पडला. रक्त शिरेत मंदावते आणि मंदावलेले रक्त थिजू लागते.

१८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टराने या विषयावर मोठे लिखाण केले. शिरेत गुठळी होण्याची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्त स्वभावतःच जास्त गोठणारे होणे, ही ती तीन. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याच्या कालव्याने आपल्याकडे फिरते, त्याच्यावरून ताडून पाहा. पाणी संथ झाले की गाळ बसतो, काठ फुटला की तिथे कचरा अडकतो आणि पाणीच गढूळ असले तर दोन्ही लवकर होते. पायाच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकदम जमून येतात. माणूस झोपून असतो, हाडाजवळच्या शिरा दुखावलेल्या असतात आणि जखम भरून यावी म्हणून शरीर स्वतःच रक्त गोठण्याची तयारी वाढवते. म्हणूनच खुबा आणि गुडघा यांच्या शस्त्रक्रिया या बाबतीत सगळ्यांत जोखमीच्या मानतात. प्रतिबंधक औषध न देता केलेल्या जुन्या पाश्चात्त्य पाहण्यांत, खुबा किंवा गुडघा बदललेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या पायात तपासणीअंती गुठळी सापडली होती. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. आशियातल्या माणसांना हे फारसे होत नाही असा समज पूर्वी होता. तपासण्या वाढल्या तशी आपल्याकडेही गुठळी सापडू लागली.

२००० सालच्या ऑक्टोबरात त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. गुडघा बदलता येतो हे गावोगाव कळले ते तेव्हापासून. आता तर शस्त्रक्रियेनंतर एका दिवसात, कधी त्याच संध्याकाळी, रुग्णाला वॉकर धरून उभा करतात. नातेवाइकांना ते निर्दयपणाचे वाटते. पण तो पोटरीचा पंप चालू करण्याचाच उद्योग असतो.

गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो. तिचा तुकडा सुटला तर मात्र तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो आणि तिथून फुफ्फुसात जाऊन अडकतो. मोठा तुकडा असेल तर काही मिनिटांत माणूस दगावतो. चांगला बरा होत होता, उठून संडासला गेला आणि कोसळला, अशा हकिगती आपण ऐकतो आणि "हार्ट ॲटॅक आला" म्हणून सोडून देतो. त्यांतल्या काहींचे मूळ पायात असू शकते.

खुणा ध्यानात ठेवा. एकच पाय दुसऱ्याहून जास्त सुजणे, पोटरीत दुखणे किंवा ताण वाटणे, तिथली कातडी गरम नि लालसर होणे. शस्त्रक्रिया झालेल्या पायाला थोडी सूज असतेच, म्हणून रोज सकाळी दोरीने दोन्ही पोटऱ्यांचा घेर मापावा. कालच्यापेक्षा वाढला की लगेच कळते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ते शिरांची सोनोग्राफी करतात, तिला डॉप्लर म्हणतात, ती दुखत नाही. पण एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यात रक्त पडले किंवा घेरी आली तर घरी लिंबूपाणी देत बसू नये, सकाळची वाटही पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि अमुक तारखेला पायाची शस्त्रक्रिया झाली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

आता मालिशीविषयी. ही गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त काळजीची वाटते. आपल्याकडे पाय सुजला की तेल गरम करून चोळायचा रिवाज आहे, आणि प्लॅस्टर निघाले की चोळणारा माणूस आधीच ठरलेला असतो. दिल्लीतला एक तेवीस वर्षांचा तरुण घोटा दुखावल्यामुळे प्लॅस्टरमध्ये होता. पुढे पाय दुखतो म्हणून आईने तेल लावून मालिश केली. शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली आणि तो मरण पावला. तिथल्या एम्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१७ साली ही हकिगत प्रसिद्ध केली. त्या आईला दोष कोणी द्यायचा? तिला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा सुजलेली, दुखरी पोटरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणीही चोळू नये, मग तो घरचा असो की नावाजलेला हाडवैद्य असो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या एका औषधाची कथा शेतकऱ्यानेच ऐकावी अशी आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गुरे किरकोळ जखमेतूनही रक्त वाहून मरू लागली. बुरशी आलेली स्वीट क्लोव्हरची वैरण हे त्याचे कारण निघाले. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, बुरसट वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोचला. पुढे लिंकच्या प्रयोगशाळेने त्या वैरणीतले द्रव्य शोधले आणि त्यावरून वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते आले ते उंदीर मारायचे औषध म्हणून! माणसांसाठी त्याला १९५४ साली मान्यता मिळाली. आज आपण उसात, भातात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन वापरतो, ते याच कुळातले आहे. (झिंक फॉस्फाईडचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळेच विष आहे.) म्हणून असले औषध घेणाऱ्याच्या घरात उंदराचे औषध आणि गोळ्यांचा डबा एका फळीवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा हेपॅरिनच्या जातीचे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात किंवा नव्या गोळ्या देतात. गुडघ्याला निदान दहा ते चौदा दिवस, खुब्याला पुष्कळदा पस्तीस दिवसांपर्यंत. पोटावर काळे-निळे डाग पडतात, खर्चही होतो, म्हणून घरी आल्यावर लोक चार दिवसांत बंद करतात. तसे करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, ते पर्याय काढतील. वॉरफरिन चालू असेल तर मेथी, पालक यांसारखी पालेभाजी रोज साधारण सारखीच खावी. एक आठवडा काहीच नाही आणि पुढे रोज दोन जुड्या, असे केल्यास औषधाचा मेळ बिघडतो, कारण त्या भाज्यांतले के जीवनसत्त्व औषधाच्या उलट काम करते. दुकानातून अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. हिरड्यांतून रक्त आले, काळी शौच झाली किंवा डोक्यावर पडले तर ताबडतोब दाखवावे.

बाकी सोपे आहे. जागेपणी दर तासाला पावले दहा-वीस वेळा वर-खाली हलवावी, पायपंपावर फवारणी करताना हलवतो तशी. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितके चालावे. पाणी भरपूर प्यावे. पूर्वी कधी गुठळी झालेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, स्थूल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारे यांनी ते शस्त्रक्रियेआधीच सांगावे. पनवेल किंवा मुंबईहून घरी परतताना जीपच्या मागच्या बाकावर पाय दुमडून बसवू नये. पुण्याहून घाट उतरून आलात तर खोपोलीला गाडी थांबवावी, आधार देऊन दोन पावले चालवावे.

धोका पहिल्या काही आठवड्यांत जास्त, पण साधारण तीन महिन्यांपर्यंत राहतो. तेवढे दिवस शस्त्रक्रिया झालेल्या सभासदाने तोडणीच्या तारखेसाठी बांधावरून धडपडत येऊ नये. घरच्यांपैकी कोणीही गट कचेरीत येऊन सांगावे, चिटबॉय फडात जाऊन नोंद घेईल.