सायीपासून साजूक तुपापर्यंत : सेवेतला एक धडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती जवळ आली. शिऱ्याच्या प्रसादासाठी तूप घरीच करायचं, ही सेवा यंदाही आम्हा महिला मंडळाकडे आहे. त्याआधी मागच्या वर्षीची आमची चूक सांगतो.

सव्वा किलो रवा आणि तेवढंच तूप. पाच घरांनी पाव-पाव किलो तुपाची साय साठवायची असं ठरलं. "साय जमवा" एवढाच निरोप आम्ही ग्रुपवर टाकला. घुसळायच्या दिवशी लिंबायतहून आलेल्या एका मावशींचा डबा उघडला, तर खवट वास. मावशी धुळ्याकडच्या, सुरतेला सुनेकडे नुकत्याच राहायला आलेल्या. गावी म्हशीचं सगळं दूधच विरजून घुसळायच्या. पिशवीच्या दुधाची साय साठवणं त्यांना नवीन. त्यांनी वीस दिवस कच्ची साय तशीच साठवली होती.

आमच्यातली एक ताई म्हणाली, "प्रसाद आहे, भाव महत्त्वाचा. मिसळून टाका, कढवल्यावर कळणार नाही." आम्ही गप्प. मावशींचं मन कसं मोडायचं? तेवढ्यात मावशींनीच डबा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "भाव माझा खरा आहे गं, पण वासही खरा आहे. लेकरांना नको."

ती साय टाकली. कमी पडलेलं पाव किलो तूप आम्ही आपापल्या बरणीतून आणलं. चूक मावशींची नव्हती, अर्धवट निरोप देणाऱ्या आमची होती. म्हणून यंदा पूर्ण पद्धत लिहीत आहोत.

*१. साय :* फुल क्रीम दूध घ्यावं. त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम. सगळा काही सायीत येत नाही. रोज एक लिटर दुधाची साय आठवडाभर जमवली की आमच्या हाती पाव किलोच्या आसपास तूप येतं. दूध उकळून, निववून फ्रिजमध्ये ठेवावं. साय जाड धरते.

*२. विरजण :* पहिल्याच दिवशी सायीत चमचाभर ताजं दही घालावं. रोज नवी साय घालून ढवळावं. कच्च्या सायीत थंडीतही वाढणारे जंतू असतात. ते स्निग्धांश फोडतात, त्यानेच खवट वास येतो. दह्याचा आंबटपणा त्यांना आवर घालतो आणि तुपाला सुवासही देतो. आठ दिवसांच्या वर साठवू नये. घुसळण्याआधी डबा चार-पाच तास बाहेर ठेवून साय नीट विरजू द्यावी.

*३. लोणी :* घुसळताना बर्फाचं पाणी घालावं. सुरतेच्या उकाड्यात लोणी पातळ होऊन ताकात राहतं. गोळा झाला की तीन-चार पाण्यांनी, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावा. ताकाची कढी करावी.

*४. कढवणं :* जाड बुडाचं पातेलं, आधी मध्यम आच, फेस आला की मंद. तडतड आवाज म्हणजे लोण्यातलं पाणी उडतंय. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. आवाज शांत झाला की ती झपाट्याने चढते आणि बेरी (आपल्या गुजराती शेजारणी 'कीटुं' म्हणतात ती) क्षणात करपते. म्हणून शेवटची पाच मिनिटं फोन हातात नको. बेरी बदामी दिसली की लगेच उतरवावं. पातेल्याच्या उष्णतेने ती आणखी थोडी रंगते.

*५. साठवण :* कोमट असताना गाळावं. बरणी आणि चमचा कोरडाच हवा. दाणेदार तूप हवं तर फ्रिजमध्ये न ठेवता बाहेरच हळूहळू थिजू द्यावं.

चांदनी पडव्याला तुपात माखलेली घारी खाणाऱ्या सुरतेत तुपाची पारख सगळ्यांनाच आहे. पण त्या दिवशी खरी पारख मावशींची दिसली. आम्ही त्यांना शेगडीपाशी बसवलं. त्या पातेल्यात बघतही नव्हत्या, नुसतं ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "आवाज थांबला. उतरवा." बेरी अगदी बदामी होती.

भाव असला की काळजी घ्यायला नको, असं आम्हाला वाटत होतं. मावशींनी शिकवलं, भाव आहे म्हणूनच काळजी घ्यायची. आणि ज्याची वस्तू नाकारली, त्याला सेवेतून उठवायचं नाही. त्याच्या हाताजोगं काम शोधून द्यायचं.

यंदा ज्यांना साय द्यायची आहे त्यांनी दत्तजयंतीच्या आठ-दहा दिवस आधीच सुरुवात करावी, जास्त आधी नको. काही शंका असल्यास ग्रुपवर निःसंकोच विचारावं. कढवायला मावशी आहेतच.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥