उष्णतेतून वीज : आकडा लोड लावून घ्या

चुलीच्या धगीतून वीज काढण्याचे प्रयोग घेऊन मुलं माझ्याकडे येतात. हातात बहुधा टीईसी१-१२७०६ हा चार सेंटिमीटरचा चौकोनी पेल्टिअर सेल असतो. तो मुळात थंड करण्यासाठी बनवलेला. आतली झाळ १३८ अंशांना वितळते आणि अर्धवाहकांच्या १२७ जोड्या एकसर जोडलेल्या असतात. एकाने तो थेट शेगडीवर धरला, तेव्हा व्होल्टेज चढत गेलं आणि एकदम शून्य झालं. एक सांधा सुटला की सगळा सेल संपला. म्हणून वीज काढायची तर जनरेटर म्हणून विकला जाणारा सेलच घ्या. त्यातल्या स्वस्त सेललाही मर्यादा साधारण १५० अंशांचीच असते. ज्वाळा आणि सेल यांच्यामध्ये जाड ॲल्युमिनियमची पट्टी हवीच.

खरी फसगत आकड्यांत होते. अशाच एका सेलच्या जाहिरातीत गरम आणि थंड बाजूंमधल्या १०० अंशांच्या फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिॲम्पिअर लिहिलेले असतात. गुणाकार केला की सव्वातीन वॅट येतात, आणि पोरं खूश होतात! पण ते व्होल्ट तारा मोकळ्या असतानाचे आणि तो प्रवाह तारा एकमेकींना जोडल्यावरचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. सेलच्या अंतर्गत रोधाइतका, म्हणजे इथे सातेक ओहमचा, लोड लावला की व्होल्टेज निम्म्यावर येतं, प्रवाहही निम्मा होतो. हाती उरतो जेमतेम ०.८ वॅट.

तेही थंड बाजू थंड राहिली तर. पहिल्या मिनिटाचा आकडा वहीत लिहू नका. थंड बाजूचा हीटसिंक तापत जातो, फरक घटतो, व्होल्टेज उतरतं. ते स्थिरावेपर्यंत थांबा आणि दोन्ही बाजूंचं तापमान शेजारी नोंदवा. पंखा लावलात तर त्याची वीज वजा करा, कारण छोटा पंखासुद्धा दीडेक वॅट खातो, सेल देतो त्याहून जास्त. मला पाण्याचं भांडं अधिक भरवशाचं वाटतं: पाणी आहे तोवर थंड बाजू १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. मात्र गरम बाजू १५० अंशांवर अडलेली, त्यामुळे पाणी उकळू लागलं की फरक उरतो पन्नासेक अंशांचा, आणि वीज चौथाईवर येते. पाणी बदलत राहा.

मोबाइल चार्ज करायला किमान अडीच वॅट लागतात. एका सेलवर ते होणार नाही. व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर लावून एलईडी मात्र नक्की पेटेल.