अपवादालाही नाव हवे

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘एरियान-५’ या युरोपीय अग्निबाणाने पहिले उड्डाण केले आणि सुमारे ४० सेकंदांतच तो भरकटून नष्ट झाला. दिशादर्शक यंत्रणेच्या आज्ञावलीत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. त्यातून उद्भवलेला अपवाद सावरण्याची तरतूद तेथे नव्हती. परिणामी मुख्य आणि राखीव असे दोन्ही गणक बंद पडले.

नित्यक्रमात बाधा आणणाऱ्या अशा स्थितीला संगणकशास्त्रात ‘अपवाद’ म्हणजे ‘एक्सेप्शन’ म्हणतात. जावा, पायथन यांसारख्या वस्तुकेंद्री भाषांत प्रत्येक अपवाद ही एखाद्या वर्गाची वस्तू असते. शून्याने भागाकार, फाइल न सापडणे यांसाठी भाषेतच तयार वर्ग असतात. मग स्वतःचे वर्ग कशासाठी?

एक उदाहरण घेऊ. खात्यात ३,२०० रुपये असता खातेदाराने ५,००० रुपये मागितले. गणिताच्या दृष्टीने वजाबाकी निर्दोष आहे. उत्तर उणे १,८००. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ती अमान्य होय. हा नियम भाषेला ठाऊक नसतो. तो आज्ञावलीकारानेच सांगावा लागतो.

त्यासाठी प्रथम ‘एक्सेप्शन’ या मूळ वर्गाचा वारसा घेऊन ‘व्यवहारदोष’ हा वर्ग करावा. त्यापासून ‘अपुरीशिल्लक’ व ‘गोठविलेलेखाते’ हे उपवर्ग काढावेत. ‘अपुरीशिल्लक’ या वर्गात शिल्लक व मागणी हे दोन्ही आकडे साठवावेत, म्हणजे १,८०० रुपये कमी पडतात हे खातेदारास नेमके सांगता येते. नियमभंग होताच पायथनमध्ये ‘रेझ’ व जावामध्ये ‘थ्रो’ या शब्दाने अपवाद उभा करावा.

अपवाद हाताळताना विशिष्ट वर्ग आधी व सामान्य वर्ग नंतर लिहावा. क्रम उलटल्यास पायथनमध्ये विशिष्ट उपाययोजनेपर्यंत पाळीच येत नाही. जावाचा अनुवादक तर अशी आज्ञावली स्वीकारीतच नाही. एका अपवादातून दुसरा उभा करताना मूळ कारणही सोबत जोडावे. अन्यथा दोषाचा माग लागत नाही.

तथापि, जेथे उपाय वेगळा नाही तेथे वेगळा वर्गही नको. तसेच अपवाद पकडून मौन पाळणे हे तो न पकडण्याइतकेच घातक ठरू शकते. दोषाला अचूक नाव देणे ही त्याच्या निवारणाची पहिली पायरी होय, हे नवोदित आज्ञावलीकारांनी ध्यानी ठेवावे.